जुन्या ब्रिटिश पेनी: साल एकच, मग किंमत वेगळी का?

‘जुनं नाणं विका, लखपती व्हा’ अशा पोस्ट सोशल मीडियावर सतत फिरतात. पण नुसतं जुनं आहे म्हणून नाणं महाग होत नाही. तशी नाणी किती उरली, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि संग्राहकांमध्ये त्यांना किती मागणी आहे, यावर किंमत ठरते. ब्रिटनची पेनी हे याचं चांगलं उदाहरण आहे.

फरक येतो कुठून?

नाणं पाडण्यासाठी पोलादी ठसे वापरतात. ते झिजले की नवे करावे लागतात. एकोणिसाव्या शतकात अनेकदा सालाचे शेवटचे आकडे ठशावर हाताने ठोकले जात. त्यामुळे आकड्यांमधलं अंतर बदलायचं. कधी जुन्याच ठशावर नवा आकडा ठोकला जाई. १८४८ च्या काही पेनींवर शेवटच्या ८ खाली ७ च्या खुणा दिसतात, त्या यामुळेच.

काय तपासायचं?

भिंग घ्या आणि या जागा पाहा:

- १८६०: या वर्षी तांब्याऐवजी कांस्याची पेनी आली. तिच्या काठावर काही नाण्यांत मणी, तर काहींत दाते आहेत.
- १८८२: सालाखाली ‘एच’ हे इंग्रजी अक्षर म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण. ‘एच’ नसलेली १८८२ ची पेनी अतिशय दुर्मीळ आहे.
- १८९५: ब्रिटानियाच्या हातातला त्रिशूळ आणि ‘पेनी’ शब्दाचं पहिलं अक्षर यांत साधारण १ मिमी अंतर असतं. २ मिमी अंतराचा प्रकार कमी सापडतो.
- १९०२: ब्रिटानियामागची समुद्राची रेषा नेहमीपेक्षा खाली असेल, तर ती ‘लो टाइड’, म्हणजे ओहोटीची पेनी.
- १९१८ आणि १९१९: सालाच्या डावीकडे ‘एच’ किंवा ‘केएन’ आहे का पाहा. ‘केएन’ म्हणजे किंग्ज नॉर्टन. ही नाणी ‘एच’पेक्षा कमी मिळतात.

१९३३ ची पेनी मिळाली तर?

आधी शंका घ्या. त्या वर्षी पेनींचा साठा पुरेसा असल्याने चलनासाठी ती पाडलीच नाही. मोजकी नाणी तेवढी तयार झाली, त्यातली काही इमारतींच्या पायाभरणीत ठेवली गेली. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून बनावट १९३३ तयार केलं जातं. म्हणून शेवटच्या ३ भोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का ते पाहा. कांस्याची खरी पेनी चुंबकाला चिकटत नाही. तिचं वजन सुमारे ९.४ ग्रॅम आणि व्यास सुमारे ३१ मिमी असतो. मात्र आकडा खोडून बदललेलं नाणं मुळात खरंच असल्याने या दोन्ही चाचण्यांत पास होतं.

हे लक्षात ठेवा

नाणं घासून चकाकवू नका, त्याने किंमत घटते. आपल्याकडच्या घरांत सापडणारे राजा-राणीच्या छापाचे रुपये आणि आणे ही ब्रिटिश भारताची नाणी आहेत. त्यांना वरच्या खुणा लागू होत नाहीत. आणि जुनी नाणी विकून देतो म्हणत कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागितला, तर पैसे देऊ नका. अशा फसवणुकीबद्दल बँकेने २०२१ मध्येच सावध केलं आहे.