शेतकऱ्याची बायको मोजू नये

जुलै १९४१. तुम्ही साठीच्या आहात, नातवंडांच्या आजी. इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यात तुमचं शेत. उजाडतंय, पण घड्याळ भलतंच काही सांगतंय. युद्धामुळे सरकारने उन्हाळ्यासाठी काटे दोन तास पुढे केलेत. गाईंना हे कुणी कळवलेलं नाही.

तिपाईवर बसून तुम्ही गाईच्या कुशीला कपाळ टेकवता. पहिल्या धारा बादलीत खणखणतात, मग फेस चढतो तसा आवाज मऊ होत जातो. पलीकडच्या गाईखाली लँड आर्मीतली, म्हणजे युद्धकाळात शेतीकामाला आलेल्या बायकांच्या दलातली, शहरी पोरगी बसली आहे.

"ओढू नकोस गं, वरून दाबत ये," तुम्ही पुन्हा एकदा सांगता.

दुधाचे कॅन रस्त्याकडेला ठेवले की लॉरी ते उचलून नेते. पूर्वी याच दुधाचं चीज तुम्ही घरी करायचा, सासूने शिकवलेलं. आता दूध विक्री मंडळाचा चेक येतो. ती जड चिजं रोज उलटून ठेवायचे कष्ट गेले, याचं तुम्हाला फारसं वाईट वाटत नाही.

दव उडेपर्यंत कापलेल्या गवताला हात लावता येत नाही. तेवढ्यात घरचं काम उरकावं लागतं: कोंबड्या, लोणी, झऱ्याचं पाणी, ब्रेड. मग दाताळं घेऊन कुरणात. उलटवायचं, वाळवायचं, ओढायचं, पाऊस यायच्या आत दगडी गोठ्याच्या माळ्यावर चढवायचं. हिवाळ्यात गाई यावरच जगणार. घड्याळात रात्रीचे दहा वाजतात तरी उजेड आहे, म्हणजे सुट्टी नाही. तळव्यावरचे घट्टे दांड्यावर नेमके बसतात.

आज मधेच साहेब येऊन गेला, राष्ट्रीय शेती पाहणीवाला. पाणी कुठून आणता? वीज आहे? उंदीर, ससे, कावळ्यांचा त्रास? त्याच्याशी बोलले तुमचे यजमान. चहा तुम्ही दिलात. शेत कसं चालतं यावर तो अ, ब किंवा क असा शेरा मारणार. शेरा यजमानांना मिळणार.

गेल्या महिन्यात, ४ जूनचा, एक फॉर्मही भरून गेला होता. त्यात शेतावरच्या मजुरांचा तक्ता होता आणि वर सूचना: शेतकरी स्वतः, त्याची बायको आणि घरगडी यांची नोंद करू नये. शेतकरी तक्त्यात नसला तरी फॉर्मवर त्याचं नाव होतं. लँड आर्मीची पोरगी तक्त्यात आली. तिला धार काढायला शिकवणाऱ्या तुम्ही कुठेच आला नाहीत.

इंग्लंड-वेल्समधल्या ५ एकर आणि त्याहून मोठ्या, सुमारे ३ लाख शेतांचे हे कागद आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, गावागावाप्रमाणे लावलेले. कुणालाही मागवून पाहता येतात. तुमचं शेत सापडेल. वर नाव यजमानांचं असेल.