बिन्स रोडची इंजिने आणि त्यांचे दुरुस्तकार

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील ज्या मेकॅनो कारखान्याने 1920 साली चावीवर धावणाऱ्या हॉर्नबी आगगाड्या बाजारात आणल्या, त्याच कारखान्यातून, संस्थापक फ्रँक हॉर्नबी यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, म्हणजे 1938 साली, बारा व्होल्टच्या विद्युत्प्रवाहावर तीन रुळांवरून धावणारी ‘हॉर्नबी-डब्लो’ अवतरली. मुठीत मावणाऱ्या त्या इंजिनाच्या उदरात खरीखुरी मोटर होती, आणि जे झिजणारच ते बदलता यावे, अशी तजवीज तिच्या निर्मात्यांनी आरंभीच करून ठेवली होती. हा त्यांचा सर्वांत मोठा सद्गुण, असे माझे निश्चित मत आहे.

स्प्रिंगच्या दाबाने मोटरच्या कम्युटेटरला, म्हणजे तिच्या फिरत्या तांब्याच्या खंडांना, टेकलेले कार्बन घासून आखूड होत, त्यांची भुकटी तेलात कालवून तांब्याच्या खंडांमधील फटींत साचे, आणि इंजिन मंदावे. जाणता कारागीर अशा वेळी प्रथम लाकडाच्या बारीक काडीने त्या फटी साफ करी, मग नवे कार्बन घाली. तांब्यावर चरे पडले असतील तर लेथवर अगदी नाममात्र साल काढी, कारण ते तांबे मुळातच पातळ. आसाचे बुश लंबगोल झाले असल्यास तेही बदलावे लागत.

परंतु खरी परीक्षा चुंबकाची. नालाच्या आकाराच्या चुंबकाच्या ध्रुवांमधून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बाहेर काढताना मध्ये लोखंडाचा तुकडा ठेवला नाही, तर चुंबकाचे बळ घटते, आणि दुर्बळ चुंबकाची मोटर अधिक प्रवाह ओढून तापते. अशा चुंबकाला वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडून पूर्वीचे तेज परत द्यावे लागते. कित्येक उत्साही हातांनी निर्दोष मोटरी केवळ कुतूहलापोटी उघडून निस्तेज केल्या, याची हळहळ वाटते.

1964 साली मेकॅनोचा कारभार लाइन्स ब्रदर्स या कंपनीकडे गेला, डब्लोचे उत्पादन थांबले, आणि 1979 साली बिन्स रोडचा कारखानाही बंद झाला. तेव्हापासून सुट्या भागांचा पुरवठा मोडीत निघालेल्या इंजिनांवर आणि लहान कारागिरांवर येऊन पडला. युद्धपूर्व इंजिनांच्या ओतीव जस्तात शिशाची किंचित भेसळ झाली असेल, तर ते फुगून, तडकून भुगा होते आणि त्यावर इलाज चालत नाही. पण आतील मोटर शाबूत असली, तर ती काढून दुसऱ्या सांगाड्यात बसवतात.