तांब्यावरील वस्त्र

देवगाव रंगारी या कन्नड तालुक्यातील गावी आमचा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवितो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे घटकाभर बसलो असता त्याने एका उघड्या यंत्रावर मधाच्या रंगाची, कांद्याच्या सालीसारखी पातळ पट्टी चिकटविली आणि लगतच्या भागावर तप्त हवेचा झोत धरला. तो भाग वितळून सुटा झाला. पट्टीखालचे बारीक तुकडे मात्र जागचे हलले नाहीत. "ही हीट टेप, सर," एवढेच तो म्हणाला. ती पट्टी पॉलिइमाइडाची होती.

विजेचा इतिहास सांगताना आपण धरणे, विद्युद्गृहे आणि तारा यांची नावे घेतो. तारेवरील वस्त्राची आठवण सहसा कोणास होत नाही. मोटारीत तांब्याचे वेढे एकमेकांस लागून बसविलेले असतात. त्यांच्यामधील आवरण फाटले की वीज आडवाटेने धावते आणि मोटार जळते. तांबे पुष्कळ उष्णता सोसते, परंतु त्यावरील सूत आधी करपते. वार्निश पाजलेल्या सुताची मर्यादा सुमारे १०५ अंश सेंटिग्रेड, अभ्रक आणि ॲस्बेस्टॉस यांची १३०. त्यापुढे दर दहा अंशांस आवरणाचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ आडाखा आहे. यंत्राने किती भार ओढावा, हे अखेर त्याचे वस्त्र ठरविते.

याची परीक्षा आपल्या सह्याद्रीत झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी गेली, ती सपाटीवरून. १९३० पर्यंत तारा पुणे व इगतपुरी येथे पोहोचल्या आणि इंजिनांस घाट चढावे लागले. ३७ फुटांस एक फूट असा तो चढ. गाडी जड, वेग मंद, प्रवाह मोठा. मोटार तापते ती अशाच वेळी.

त्या काळी अशा मोटारींचे रक्षण मुख्यतः अभ्रक करीत असे, आणि जगास लागणाऱ्या पत्री अभ्रकाचा फार मोठा भाग कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून जाई. बायका आणि मुले हातांनी त्याचे पापुद्रे सोडवीत. लाखही बहुतांशी आपलीच. अभ्रक आमचे, बोटे आमच्या मुलांची, आणि इंजिने मात्र विलायतेहून बांधून येत! शास्त्राच्या पुस्तकांत या बोटांचा उल्लेख आम्हांस क्वचितच आढळला.

लाखेस पर्याय शोधता शोधता बेकलंड याने १९०७ मध्ये बेकेलाइट सिद्ध केले, तेथून या व्यापारास उतरती कळा लागण्याचा आरंभ झाला. पॉलिइमाइडाची चाहूल १९०८ मध्येच रसायनज्ञांस लागली होती; परंतु त्याचे पटल बाजारात आणले ते अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने, १९६० नंतरच्या दशकात, 'कॅप्टन' या नावाने. हे द्रव्य वितळत नाही, म्हणून साच्यात ओतता येत नाही. त्याच्या पूर्वरूपाचे द्रावण पसरून तापवावे, तेव्हा ते पटल बनते. दोनशे अंशांवरही ते वर्षानुवर्षे टिकते आणि मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतके पातळ असूनही हजारो व्होल्ट अडवून धरते. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानाचे सोनेरी आवरण याच जातीचे होते.

तथापि ते निर्दोष नव्हे. ओलाव्याने ते हळूहळू क्षीण होते. आणि एकदा ठिणगी पडली की पृष्ठभागाचा कोळसा होऊन तोच विजेस वाट देतो. विमानांच्या तारांत हा दोष घातक ठरतो, असे दिसून आल्यावर अमेरिकेच्या नौदलाने १९८० नंतरच्या दशकात त्याकडे पाठ फिरविली. रेल्वेच्या मोटारींत त्याने मानाचे स्थान मिळविले. देवगावहून जवळच्या लासूर स्टेशनावरून ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई म्हणून सुरू झालेली वंदे भारत गाडी विजेवर जाते, आणि इगतपुरीपुढे तोच जुना घाट उतरते.

निघताना आम्ही विचारले, "ही टेप आणतोस कोठून?"

"संभाजीनगरहून, सर. बनते मात्र चीनमध्ये," असे म्हणून त्याने वापरलेला तुकडा हलकेच सोडविला आणि पुन्हा उपयोगी पडेल म्हणून टेबलाच्या कडेस चिकटवून ठेवला.