धुरकट हेडलाइट : घरगुती दुरुस्ती

मोटारीच्या हेडलाइटवरचे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण काही वर्षांच्या उन्हाने पिवळट आणि धुरकट होते. त्याचा खराब झालेला थर घासून काढायचा, पृष्ठभाग पुन्हा नितळ करायचा आणि त्यावर नवा संरक्षक लेप चढवायचा, अशी ही दुरुस्ती आहे. दिवा न उतरवता, घराच्या आवारात अर्ध्या दिवसात ती होते. मात्र घासून चकाकी आणणे हे निम्मेच काम आहे. लेप दिला नाही तर तीच काच काही महिन्यांत परत पिवळी पडते, आणि बहुतेक घरगुती प्रयत्न फसतात ते इथेच.

ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला की ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आजचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केले. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच लावावे लागत. तो नियम १९८३ मध्ये सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला बल्ब बदलता येणारे, गाडीच्या घडणीत सामावलेले दिवे आले. पॉलिकार्बोनेट काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचे, हवा तो आकार घेणारे आणि मार सोसणारे असते. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर केसाहूनही पातळ असा कठीण लेप दिलेला असतो. आधी तो लेप झिजतो, तडकतो, पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग उघड्या पडलेल्या प्लास्टिकचे रेणू उन्हाने तुटू लागतात आणि पिवळेपणा चढतो. गाडी रोज एकाच जागी, एकाच तोंडाने उभी राहत असेल तर उन्हाकडचा दिवा दुसऱ्याच्या बराच आधी जातो.

हा प्रश्न केवळ गाडीच्या दिसण्याचा नाही. अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचण्यांत जुन्या, पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्याच्या साधारण एक पंचमांशच प्रकाश बाहेर पडत होता. दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. अडलेला प्रकाश नुसता वाया जात नाही. तो वाटेल तसा विखुरतो, लो बीमची वरची कड पुसट होते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. पावसाळ्यात रात्रीचा घाट उतरताना रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टाही दिसेनासा होतो. अशा वेळी पुष्कळजण ६०/५५ वॉटचा बल्ब काढून जास्त वॉटचा बसवतात. त्याने वायरिंग आणि दिवा तापतो, शिवाय विखुरणारा प्रकाशच वाढतो.

कामाला सुरुवात दिवा स्वच्छ धुऊन आणि भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवून करावी. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने चालवावा. पापुद्रे फारच सुटले असतील तर ६०० नंबरचा. सुरुवातीला पिवळट, दुधाळ पाणी ओघळते. ते स्वच्छ पांढरे येऊ लागले की जुना लेप निघाला असे समजावे. काच पुसून कोरडी करून पाहिली तर कुठे लेपाची बेटे उरली असतील ती कडांवरून ओळखू येतात. ती निघाल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे पेपर क्रमाने घ्यावेत. एक आडवा चालवला तर पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसते. इथे केलेली घाई शेवटपर्यंत दिसत राहते. पहिल्या पेपरनंतर काच आधीपेक्षाही आंधळी दिसते. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो याच टप्प्यावर, पण काम बरोबर चालल्याचीच ती खूण आहे. शेवटी रबिंग कंपाउंड मऊ कापडाने किंवा कमी वेगाच्या ड्रिलला लावलेल्या फोमच्या पॅडने फिरवावे. पॅड एका जागी धरून ठेवले तर प्लास्टिक तापून डाग पडतो.

टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तिच्यात बारीक घर्षक असते, त्यामुळे वरवरचा धूसरपणा जातो. खोल पिवळेपणा जात नाही आणि संरक्षण तर काहीच मिळत नाही. पेट्रोल, थिनर किंवा डास पळवणारा फवारा यांनी काच क्षणभर उजळते, पण ही द्रव्ये पॉलिकार्बोनेटवर हल्ला करतात आणि पुढे त्यात बारीक तडे जातात. ती दिव्याजवळ आणूच नयेत.

लेपाआधी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावरचा तेलकटपणा पूर्ण काढावा. दुरुस्तीच्या संचात पुसून लावायचा अतिनील-रोधक लेप मिळतो. तो साधारण वर्ष-दोन वर्षे टिकतो. हार्डनर मिसळून फवारायचा टू-के क्लिअर कोट अधिक टिकाऊ असतो, पण त्यातल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही. योग्य रेस्पिरेटर नसेल तर हे काम डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच द्यावे. लेप सावलीत, धूळ नसलेल्या कोरड्या हवेत लावावा. दमट दिवशी तो दुधाळ होतो, म्हणून कोकणात हे काम पावसाळ्याबाहेर ठेवलेले बरे.

आवरणाच्या आतून धुरकटपणा, प्लास्टिकच्या गाभ्यात गेलेले तडे किंवा काळवंडलेला परावर्तक यांना ही दुरुस्ती लागू पडत नाही. आत पाण्याचे थेंब साचत असतील तर दोष सीलचा किंवा हवा खेळण्याच्या छिद्राचा असतो आणि तो आधी काढावा लागतो. नवा दिवा घालायची वेळ आलीच तर जोडी एकदम बदलावी आणि भिंतीवर प्रकाशझोत पाडून त्याची उंची जुळवून घ्यावी.