बदललेला गुडघा सुजला? आधी तपासणी, मग गोळी

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेल्या शंभरात साधारण १ ते २ जणांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. तो काही आठवड्यांत होतो, तसा काही वर्षांनीही होऊ शकतो. गुडघा गरम लागणे, सूज, वाढतं दुखणं, जखमेतून पाणी किंवा पू येणे ही लक्षणं. ताप येतोच असं नाही.

जंतू कृत्रिम सांध्यावर चिकट थर करून बसतात. तिथं औषध नीट पोचत नाही, म्हणून नुसत्या गोळ्यांनी संसर्ग सहसा जात नाही. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेतलं की दुखणं दबतं, पण नंतर गुडघ्यातलं पाणी तपासलं तरी जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवणं अवघड होतं. म्हणून लक्षणं दिसताच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जावं.

संसर्ग नवा असेल तर गुडघा उघडून धुतात, मधला प्लास्टिकचा भाग बदलतात. सांधा वाचू शकतो. जुना असेल तर बहुतेक वेळा दोन ऑपरेशनं लागतात. आधी सांधा काढून औषध मिसळलेलं सिमेंट बसवतात, साधारण ६ आठवडे अँटिबायोटिक देतात आणि संसर्ग गेल्यावर नवा सांधा बसवतात.

दुसऱ्यांदा बरं व्हायला जास्त वेळ लागतो, कधी वर्षही. वॉकर, रोजचा व्यायाम आणि कमोड लागतो. शुगर ताब्यात ठेवावी, बिडी-तंबाखू सोडावी. शेतातली घाई करू नये.