उमराहला जाताना हँडबॅग कोणती घ्यावी?
मुंबईहून जेद्दाहला जाताना मीकात विमानातच येते. म्हणून एहरामच्या चादरी आणि औषधं हँडबॅगेतच हवीत. बॅग मोठी निघाली म्हणून गेटवर काढून घेतली, तर चादरीही सामानासोबत खाली गेल्या!

इंडिगोची मर्यादा ५५×३५×२५ सेंमी, एअर इंडियाची ५५×४०×२०. इकॉनॉमीत वजन दोन्हीकडे ७ किलो. तेव्हा ५५×३५×२० च्या आतली बॅग घ्या, दोन्हीकडे चालते. चाकं आणि हँडल मापात धरतात. दुकानात नुसतं '२० इंची' म्हणतील, त्यावर जाऊ नका, टेप लावून बघा. रिकामी ट्रॉलीच ३ किलोची असेल तर सामानाला उरले ४ किलो. त्यापेक्षा कापडी बॅग बरी. पॉवर बँक याच बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.