स्वस्त सॉफ्टवेअर परवाना-क्रमांक

सॉफ्टवेअर परवाना-क्रमांक, म्हणजेच व्यवहारातील ‘लायसन्स की’, ही सॉफ्टवेअर वापरण्याची परवानगी पडताळण्यासाठी उत्पादक कंपनीने दिलेली अक्षरांची व अंकांची ओळ होय. मायक्रोसॉफ्ट विंडोजचा असा क्रमांक 25 अक्षरांचा असून पाच-पाचांच्या पाच गटांत लिहिलेला असतो. अनधिकृत विक्रेते हे क्रमांक मूळ किमतीच्या अल्पशा भागात विकतात. ग्राहक विकत घेतो ती परवानगी. क्रमांक ही केवळ तिची खूण असते. विक्रेत्याजवळ परवानगीच नसेल, तर खरा क्रमांक हाती येऊनही ग्राहकाच्या पदरी काही पडत नाही.

स्वस्ताईची कारणे

विंडोजचे सर्व परवाने एकाच जातीचे नसतात. किरकोळ विक्रीचा परवाना एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. नव्या संगणकासोबत येणारा ओईएम परवाना मात्र कंपनीच्या अटींनुसार त्याच यंत्राशी बांधलेला असतो. मोठ्या संस्थांना घाऊक परवाना मिळतो व त्याच्या एका प्रकारात एकच क्रमांक ठरावीक संख्येइतक्या संगणकांवर चालतो. असा क्रमांक बाहेर फुटला की तो अनेकांना सुटा विकला जातो. मर्यादा संपल्यावर पुढच्या ग्राहकाकडे तो चालत नाही आणि गैरवापर उघडकीस आल्यास कंपनी तो रद्दही करते.

दुसऱ्या, म्हणजे केएमएस पद्धतीत, संगणकाने संस्थेच्या सर्व्हरकडून मान्यता घ्यायची असते. ही मान्यता 180 दिवस टिकते. सर्व्हरशी संपर्क होत राहिला तरच तिचे नूतनीकरण होते. ‘आजीवन’ म्हणून घेतलेले सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी पुन्हा परवाना मागू लागते, त्याचे एक कारण हे आहे. तोवर विक्रेत्याचा दूरध्वनी लागेनासा झाला, तर त्यात नवल नाही.

काही क्रमांक चोरलेल्या बँक-कार्डांवर खरेदी केलेले असतात. जी2ए या विक्रीस्थळावर ‘फॅक्टोरिओ’ या खेळाचे 198 चोरीचे क्रमांक विकले गेल्याचे 2020 मध्ये मान्य करण्यात आले व त्या कंपनीने खेळाच्या निर्मात्यांना भरपाई दिली.

परिणाम

यवतमाळ, पुसद किंवा वणी येथील एखाद्या डीटीपीच्या दुकानाचे किंवा सेवा केंद्राचे सारे काम एका-दोन संगणकांवर चालत असेल, तर परवाना रद्द होण्याची झळ मोठी असते. परवाना गेलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये जुन्या फायली उघडतात, पण त्यांत दुरुस्ती करता येत नाही. याहून गंभीर धोका ‘ॲक्टिव्हेटर’ नावाने दिल्या जाणाऱ्या उपप्रोग्रामांचा. ते चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते आणि त्यांच्या आडून हेरगिरी करणारे प्रोग्राम संगणकात शिरू शकतात. अशा संगणकात दुकानदाराचेच नव्हे, तर ग्राहकांचे आधार व बँकेचे तपशीलही असतात.

कायदा आणि दाद

प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 63ख नुसार प्रताधिकाराचा भंग करणारी सॉफ्टवेअरची प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात नसेल, तर न्यायालय कारावास न देता केवळ दंड करू शकते. पुनर्विक्रीच्या समर्थनार्थ युरोपीय न्यायालयाच्या 3 जुलै 2012 च्या ‘यूज्डसॉफ्ट’ निकालाचा दाखला दिला जातो. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. शिवाय घाऊक परवान्याचे तुकडे करून विकण्यास त्यानेही मुभा दिलेली नाही.

फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी पुसदचा ग्राहक यवतमाळच्या आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्यातून वगळली असली, तरी उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच मानला जातो. पक्के बिल नसेल तर हे सारे सिद्ध करणे अवघड जाते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930, तर ग्राहक मार्गदर्शनासाठी 1915 हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

पर्याय

लिबरऑफिस हा कार्यालयीन संच आणि सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते व त्यांना परवाना-क्रमांक लागत नाही. लिबरऑफिस मराठीतूनही वापरता येते.